जंगल मोजणारी मुले

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावात १९८३ साली दादाजी रामाजी खोब्रागडे या शेतकऱ्याला आपल्या बांधीत धानाच्या तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. पेरलेले वाण होते 'पटेल-३'. या तीन लोंब्यांचे दाणे मात्र पिवळसर होते. दादाजींचे शिक्षण तिसरीपर्यंत झालेले, जमीन थोडी. त्यांनी त्या लोंब्या बाजूला काढल्या, दाणे जपून ठेवले आणि पुढच्या वर्षी ते शेतातल्या एका लहानशा तुकड्यात वेगळे पेरले. रानडुकरांनी नासाडी करू नये म्हणून भोवती काटेरी कुंपण घातले. पुढची काही वर्षे हेच चालले. चांगल्या लोंब्या निवडायच्या, त्यांचेच बी राखायचे, पुन्हा पेरायचे, शेजारच्या नेहमीच्या धानाशी ताडून पाहायचे. त्यातून बारीक दाण्याचा, चवीला उत्तम आणि उत्पन्नाला भरघोस असा तांदूळ हाती आला. १९९० च्या सुमारास व्यापाऱ्यांनी त्याला त्या काळी सगळ्यांच्या तोंडी असलेल्या घड्याळाचे नाव दिले आणि 'एचएमटी' म्हणून तो देशभर गेला. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने १९९८ मध्ये 'पीकेव्ही-एचएमटी' हे वाण प्रसारित केले. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने दादाजींचा सन्मान केला. ३ जून २०१८ रोजी ते गेले. श्रेय आणि पैसा त्यांना उशिरा मिळाला, आणि मिळाला तोही थोडाच.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या शाळांमध्ये विज्ञानाचे प्रयोग कसे करावेत यावर मी जेव्हा जेव्हा विचार करतो, तेव्हा दादाजींच्या त्या तुकड्यापासून सुरुवात करावीशी वाटते. त्यांच्या कामात प्रयोगशाळा नव्हती, पण प्रयोगाचे सगळे अवयव होते. वेगळेपण हेरणे, ते वेगळे राखणे, जुन्याच्या शेजारी नवे ठेवून तुलना करणे आणि एका वर्षाच्या निकालावर विश्वास न ठेवता पुन्हा पुन्हा करून पाहणे. या दोन जिल्ह्यांतल्या मुलांची नजर मुळातच तयार असते. कोणत्या झाडाखाली मोहफूल आधी पडते, बोडीतले मासे कुठे दडतात, कोणत्या पानावर कोणती अळी असते, हे दहा वर्षांच्या मुलाला ठाऊक असते. शाळेने त्यात एकाच गोष्टीची भर घालायची आहे, ती म्हणजे मोजमाप. पाहिलेले मोजले, लिहिले आणि दुसऱ्या मोजणीशी ताडले की त्याचे विज्ञान होते. या प्रकरणातले सगळे उपक्रम त्याच एका विचाराने निवडले आहेत.

पहिला उपक्रम धानाचाच. पेरणीआधी बियाणे मिठाच्या पाण्यात टाकून पोचट दाणे काढून टाकावेत, हे कृषी खात्याचे लोक गावोगाव सांगतात. प्रमाण दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ. वर्गात एक लिटर पाणी आणि तीस ग्रॅम मीठ पुरते. मीठ पूर्ण विरघळले की मूठभर धान त्यात सोडायचे आणि ढवळायचे. भरलेला दाणा बुडतो, पोचट तरंगतो, कारण मिठाने पाणी जड होते आणि हलक्या दाण्याला वर उचलून धरते. इथपर्यंतचे प्रात्यक्षिक पुष्कळ ठिकाणी होते आणि इथेच संपते. खरे तर प्रयोग इथून सुरू व्हायला हवा.

बुडालेले शंभर दाणे मोजून घ्या, तरंगलेले शंभर घ्या, आणि मिठाच्या पाण्याचा स्पर्शही न झालेल्या मूळ बियाण्यातले शंभर घ्या. पहिले दोन्ही गट साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, नाहीतर मीठ अंकुराला मारील. तिन्ही गट ओल्या गोणपाटाच्या वेगवेगळ्या तुकड्यांत गुंडाळून सावलीत ठेवा, गोणपाट सुकू देऊ नका. रोज सकाळी उघडून किती दाण्यांना मोड आले ते लिहा, आठवडाभर लिहा. तिसरा गट कशाला, असा प्रश्न मुले विचारतातच. त्याच्याशिवाय मिठाच्या पाण्याने फायदा झाला की नाही हे सांगताच येत नाही, हे त्यांना आकडे समोर आल्यावर आपोआप उमगते. तरंगलेल्या शंभरांतही काही दाणे उगवतातच. मग ते फेकणे म्हणजे नुकसान नाही का?

यापुढचे आव्हान मला फार आवडते. मीठ तीस ग्रॅमऐवजी साठ ग्रॅम घेतले, शंभर ग्रॅम घेतले, तर जास्त दाणे तरंगतील. बुडालेले बियाणे अधिक निवडक होईल, पण फेकून द्यावे लागणारे बियाणेही वाढेल. वर्गाचे चार गट करा, प्रत्येकाला मिठाचे वेगळे प्रमाण द्या आणि शेवटी एकच विचारा: तुमच्या घरी एक पोते बियाणे आहे, तुम्ही कोणते प्रमाण वापराल? एकच बरोबर उत्तर इथे नाही. बियाणे महाग असेल तर एक उत्तर, स्वस्त असेल तर दुसरे. असा निर्णय आकड्यांच्या आधाराने घेता येणे, अभियांत्रिकीची पहिली पायरी तीच.

आता दुसरी गोष्ट, गडचिरोलीतली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. लहान मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू हा त्यांच्यासमोरचा मोठा प्रश्न होता. न्यूमोनिया झालेले बाळ भरभर श्वास घेते. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, आणि त्यापेक्षा मोठ्या, वर्षाच्या आतल्या बाळाचे पन्नास किंवा जास्त, हे धोक्याचे लक्षण. पण गावातल्या दाईला साठपर्यंत मोजता येत नसेल आणि हातात घड्याळ नसेल, तर तिने ओळखायचे कसे? 'सर्च'ने त्यासाठी एक साधे यंत्र तयार केले. एका मिनिटात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ आणि त्याच्या जोडीला तारेवर सरकणाऱ्या मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मोठ्या बाळाच्या ओळीत चार हिरवे मणी आणि पाचवा लाल, लहान बाळाच्या ओळीत पाच हिरवे आणि सहावा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर बाळाला उपचार हवा. दहापर्यंत मोजता आले की पुरे. गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी न्यूमोनिया ओळखून उपचार केल्यावर बालमृत्यू कमी झाले, हा गडचिरोलीतला अभ्यास १९९० मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

हे यंत्र सहावी-सातवीच्या मुलांना बनवता येते, आणि ते बनवताना पदार्थविज्ञानाचे कितीतरी धडे हाताखालून जातात. एकाच मापाच्या दोन प्लास्टिकच्या बाटल्या घ्या. दोन्हींची झाकणे पाठीला पाठ लावून पक्की चिकटवा आणि मधोमध आरपार भोक पाडा. वैनगंगेची, इंद्रावतीची, जी जवळ असेल त्या नदीची वाळू आणा, धुवा, कडक उन्हात वाळवा आणि चहाच्या गाळणीतून चाळा. भोक कणांच्या मानाने बरेच मोठे हवे, नाहीतर कण एकमेकांना अडवून भोकावर कमान धरतात आणि प्रवाह थांबतो. मोबाइलमधल्या घड्याळाशी ताडून, वाळू थोडी काढत-घालत, बरोबर एका मिनिटावर आणायचे.

मिनिट जुळले म्हणून काम संपत नाही. तेच घड्याळ दहा वेळा उलटा आणि दहाही वेळा लागलेला वेळ लिहा. आकडे थोडे इकडेतिकडे होतील. किती? चार सेकंदांचा फरक श्वास मोजताना चालेल का? मिनिटाला पन्नास श्वास म्हणजे दर सव्वा सेकंदाला एकाहून थोडे जास्त, तर चार सेकंदांत किती श्वासांची चूक होईल? अचूकता म्हणजे काय आणि ती किती लागते, हे सूत्र न सांगता इथे शिकवता येते. पावसाळ्यात तेच घड्याळ पुन्हा तपासा. हवेतल्या ओलाव्याने वाळू चिकटली असेल तर मुलांना झाकण घट्ट का हवे ते कळेल.

याच बाटल्यांमध्ये वाळूऐवजी पाणी घातले तर? वरच्या बाटलीला हवा आत येण्यासाठी एक छिद्र ठेवा, बाटलीवर सारख्या अंतरावर रेघा मारा आणि पाण्याला एका रेघेवरून दुसरीवर यायला किती वेळ लागतो ते पाहा. वरच्या रेघा झटपट पार होतात, खालच्यांना वेळ लागतो, कारण पाण्याची उंची कमी झाली की भोकावरचा दाबही कमी होतो. वाळूचे तसे होत नाही. तिचा वेग जवळजवळ शेवटपर्यंत एकसारखा राहतो, कारण वाळूचे बरेचसे वजन बाटलीच्या भिंती पेलतात आणि भोकापाशी पोचणारा दाब उंचीवर फारसा अवलंबून राहत नाही. आपल्याकडच्या जुन्या घटिकापात्रात वेगळीच युक्ती होती. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडायची आणि ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे. लग्नाचा मुहूर्त त्यावर धरला जाई. तांब्याची किंवा पत्र्याची वाटी आणि एक खिळा असेल तर चोवीस नाही, पण पाच मिनिटांचे पात्र मुले एका दुपारी करू शकतात.

आणि मग खरे आव्हान. ज्याला अंक वाचता येत नाहीत अशा माणसाला उपयोगी पडेल असे एखादे मोजयंत्र मुलांनी स्वतः शोधून काढायचे. आजीला सकाळची गोळी घेतली की नाही हे आठवत नाही, तिच्यासाठी काय करता येईल? टाकीत किती दिवसांचे पाणी उरले हे वर न चढता बाहेरून कसे दिसेल? शाळेच्या खिचडीसाठी उद्या किती तांदूळ काढायचा, हे आज हजर असलेल्या मुलांच्या संख्येवरून स्वयंपाकीण बाईंना न लिहिता कसे कळवता येईल? बंग दांपत्यासमोर होता त्याच जातीचा हा प्रश्न आहे. एक सूचना मात्र आवश्यक आहे: श्वास मोजण्याचा सराव मुलांनी एकमेकांवर करावा, धावण्याआधी आणि धावल्यावर. आजारी बाळाचा निर्णय आशाताई आणि डॉक्टरांचाच.

बांबूकडे वळू. गडचिरोली जिल्ह्याच्या सुमारे दोन-तृतीयांश भागावर जंगल आहे आणि त्यात बांबू विपुल. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. पण मुलांचा बांबू घरामागच्या बेटातला. पावसाळ्यात जमिनीतून वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, वर येतात, आणि बरेच जण त्यांची भाजी करतात. एक वास्ता भाजीतून वाचवा. त्याच्या शेजारी एक सरळ काठी रोवा आणि रोज सकाळी शाळेत जाताना आणि संध्याकाळी परतताना वास्त्याच्या टोकाशी खडूने खूण करा. दोन खुणांतले अंतर सेंटिमीटरमध्ये लिहा. बांबू दिवसा जास्त वाढतो की रात्री? पाऊस पडलेल्या दिवशी काय होते? खोडाचा घेरही दर आठवड्याला दोरीने मोजा. उंची झपाट्याने वाढते आणि घेर जवळजवळ तेवढाच राहतो, हे पाहून मुले चकित होतात. बांबू हे गवत आहे आणि जमिनीतून वर येताना तो जेवढा जाड असतो तेवढाच जाड राहतो, हे वाक्य पुस्तकात वाचून विसरले जाते. स्वतःच्या खडूच्या खुणांवरून शोधलेले विसरले जात नाही.

पुलाचे आव्हान मोठ्या मुलांसाठी. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेले की तालुक्याच्या ठिकाणाचा संपर्क तुटतो, हे तिथल्या प्रत्येक मुलाने पाहिलेले आहे. वीस कामट्या आणि सुतळी, एवढ्याच सामानात दोन बाकांमधल्या एक मीटर अंतरावर पूल बांधायचा. खिळे नाहीत, डिंक नाही. पुलाच्या मध्यावर पिशवी लटकवायची आणि तो मोडेपर्यंत तिच्यात वाळू भरत जायची. बांधण्याआधी प्रत्येक गटाने लिहून द्यायचे की त्यांचा पूल किती वजन पेलेल आणि आधी कुठे मोडेल. मोडल्यावर तुटलेली जागा कागदावर काढायची. विजेता ठरवताना फक्त पेललेले वजन पाहू नका. त्याला पुलाच्या स्वतःच्या वजनाने भागा. वीसच्या वीस कामट्या एकत्र बांधून मोळी करणारा गट मग मागे पडतो आणि ज्याने कामट्यांचे त्रिकोण जोडले तो पुढे येतो. चौकोनाला कोपऱ्यावर दाबले तर तो तिरपा होतो, त्रिकोणाच्या बाजू पक्क्या असतील तर त्याचा आकार बदलूच शकत नाही. रेल्वेच्या लोखंडी पुलांमध्ये त्रिकोणांची रांग का असते, ते बल्लारपूरच्या मुलांनी स्टेशनावर येता-जाता पाहावे. गावात बुरूड समाजाचे कारागीर असतील तर त्यांना परीक्षक म्हणून बोलवा. कोणती कामटी कशी चिरली की वाकते पण मोडत नाही, हे त्यांच्याएवढे कुणाला कळत नाही.

उन्हाळ्यात चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी तापमानासाठी देशाच्या बातम्यांत असतात. पारा पंचेचाळीसच्या वर जातो. मुलांसाठी हा सगळा काळ म्हणजे उष्णतेच्या अभ्यासाची संधी आहे, मात्र सकाळच्या वेळेत आणि सावलीत. एकच साधा तापमापक घेऊन कवेलूच्या छपराखाली, टिनाच्या छपराखाली, स्लॅबखाली आणि मोहाच्या झाडाखाली रोज ठरलेल्या वेळी पाठोपाठ तापमान घ्या. आठवडाभरात गावातल्या घरांची तुलना तयार होते आणि घरकुलाचे छप्पर कसे असावे यावर मुलांकडे बोलण्यासारखे काहीतरी असते. माठाचा प्रयोग त्याच्या जोडीला करा. दोन सारखे माठ, एकाला बाहेरून तेलरंग दिलेला. दोन्हींत सारखे पाणी भरून वजन करा, तापमान घ्या, आणि पाच-सहा तासांनी पुन्हा करा. कोरा माठ झिरपतो, वजनाने हलका होतो आणि गार होतो, रंगवलेला तसाच राहतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते आणि ती माठातल्या पाण्यातूनच घेतली जाते. म्हणजे दहा लिटरमधले शंभर ग्रॅम पाणी उडून गेले, तर बाहेरून उष्णता आत आली नाही असे धरल्यास, उरलेले पाणी सुमारे सहा अंशांनी उतरायला हवे. मुलांचा प्रत्यक्ष आकडा याहून कमी येईल. का येतो, हे त्यांनीच सांगायचे. हाच प्रयोग जुलैत केला तर माठ जवळजवळ हरतो.

सिरोंचाच्या मुलांना मात्र असे काही लाभले आहे जे फार थोड्या ठिकाणी मिळते. प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमाजवळच्या या तालुक्यात खडकांमध्ये डायनोसॉरची हाडे आणि दगड झालेली झाडे सापडतात. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांनी पोचमपल्ली परिसरातून सुमारे तीनशे हाडे काढली. ती किमान सहा प्राण्यांची होती. १९७५ मध्ये या डायनोसॉरला 'बारापासॉरस टागोराय' असे नाव मिळाले. रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दी वर्षात, १९६१ मध्ये, हे उत्खनन चालू होते, म्हणून नावात टागोर आले. हाडांपासून उभा केलेला त्याचा सांगाडा कोलकात्यात आहे. सिरोंचाजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे. ज्या संशोधकांनी नाव ठेवले त्यांना या प्राण्याची कवटी मिळाली नव्हती, फक्त काही दात मिळाले होते. तरीही तो झाडपाला खाणारा होता हे त्यांनी ठरवले. कशावरून? गाय, बकरी, कुत्रा आणि आपण स्वतः, या चौघांच्या दातांची चित्रे काढून मुलांना तोच प्रश्न विचारा.

शाळेच्या मैदानात दोरीने बारा-चौदा मीटर लांबीची आकृती आखा, मग त्या प्राण्याच्या आकाराचा अंदाज येतो. पण काळाचा अंदाज त्याहून अवघड. त्यासाठी एक उपक्रम. एक मिलिमीटर म्हणजे एक हजार वर्षे असे धरा. चंद्रपूरचा गोंड राजांचा किल्ला सुमारे अर्ध्या मिलिमीटरवर येतो. शिवाजी महाराज त्याहून अलीकडे, अर्ध्याच्याही आत. बारापासॉरस सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे शाळेच्या दारापासून १८० मीटरवर, बहुधा गावाच्या विहिरीपाशी. आणि चंद्रपूर, बल्लारपूर, राजुऱ्याच्या खाणींतला कोळसा ज्या दलदलीतल्या झाडांपासून झाला, ती पंचवीस कोटी वर्षांहूनही जुनी. म्हणजे अडीचशे मीटरच्याही पलीकडे. मुलांनी ही अंतरे पावलांनी चालून पाहावीत. त्या रात्री चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची वीज घरात आली की त्या चालण्याची आठवण होते. वडधमला गेल्यावर एक नियम पाळायचा: दगड उचलायचा नाही, खिशात टाकायचा नाही. मोजायचा, चित्र काढायचे, जागा लिहायची. जागेवरून हललेला जीवाश्म आपली निम्मी माहिती गमावतो.

पर्जन्यमापक सगळ्यांना माहीत आहे. सरळ बाजूंची बाटली, वर तिच्याच रुंदीचे नरसाळे, रोज सकाळी आठला नोंद. एवढेच, पण ते वर्षानुवर्षे चालू ठेवले तर कृषी सहायकालाही उपयोगी पडते.

जंगलाच्या मोजणीबद्दल धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाकडून शिकावे. इथल्या ग्रामसभेने अभ्यासगट चालवले, जंगलाचे प्रश्न एकत्र बसून समजून घेतले, आणि वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. देशात असा हक्क मिळालेल्या पहिल्या गावांपैकी मेंढा एक. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. जंगल आपल्या ताब्यात आले की ते मोजावेही आपल्यालाच लागते. त्यासाठी लागणारे गणित सहावीतल्या मुलांना येते. दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद चौकोन दोरीने आखा. आतले प्रत्येक रोपटे मोजा, जातीनुसार वेगळे. मोठ्या झाडांचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजा, वनविभाग तिथेच मोजतो. उंचीसाठी झाडावर चढायला नको. हात पूर्ण पुढे ताणा, डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराएवढी काठी उभी धरा आणि काठीने झाड बरोबर झाकले जाईपर्यंत मागे सरका. आता तुमच्यापासून झाडापर्यंतचे अंतर म्हणजेच झाडाची उंची. असे चार-पाच चौकोन मोजले की सबंध राईचा अंदाज बांधता येतो. तेंदूपत्त्याच्या हंगामात ज्या मुलांनी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधले आहेत आणि हजार पुड्यांची गोणी पाहिली आहे, त्यांना सत्तर हजार ही संख्या शहरातल्या मुलांपेक्षा जास्त खरी वाटते. तिचा वर्गात उपयोग करून घ्या.

हाताने शिकवायच्या विज्ञानाची परंपरा आपल्याकडे नवी नाही. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या सोळा शाळांमधून तिची मोठी सुरुवात झाली. अरविंद गुप्ता यांनी काडीपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हाल्वट्यूबपासून शेकडो खेळणी केली आणि पुण्यातल्या 'आयुका'मध्ये त्यांचे मुलांसाठीचे केंद्र चालवले. १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद मराठीतून विज्ञान पोचवते आहे. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबही आल्या, त्रिमितीय मुद्रक आणि यंत्रमानवाचे संच घेऊन. हे सगळे चांगलेच आहे. पण ज्या संचाचे उत्तर खोक्यातल्या पत्रकावर आधीच छापलेले आहे, तो कितीही महाग असला तरी त्यातून प्रयोग होत नाही, जुळवाजुळव होते. आणि महाग संच मोडेल या भीतीने तो कपाटात कुलूपबंद राहतो. बाटली, वाळू, धान आणि कामटी मोडली तर दुसरी मिळते.

शिक्षकांसाठी तीनच गोष्टी. मुलांच्या वहीत चार रकाने असू द्या: तारीख, काय केले, काय होईल असे वाटले, काय झाले. तिसरा रकाना प्रयोगाआधी भरलेला हवा, आणि तो चुकला म्हणून गुण कापू नका. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांना झाडांची, किड्यांची, पाखरांची नावे पहिल्यांदा त्यांच्याच भाषेत लिहू द्या. मराठी नाव शेजारी नंतर येईल. जंगलातले उपक्रम गावालगत, मोठ्या माणसांसोबत आणि चांगल्या उजेडातच करा. वाघ-बिबट्यांचा वावर असलेल्या भागात पहाटे आणि सांजवेळी मुलांना कुठल्याही मोजणीसाठी बाहेर पाठवू नका, आणि पावसाळ्यात गवतात बूट-चपलांशिवाय नको.

आणि गावातल्या मोठ्यांना एक विनंती. मुलांनी काढलेले आकडे वहीत राहिले तर ते गृहपाठ ठरतात. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत त्यांना दहा मिनिटे द्या. कोणत्या छपराखाली किती उकाडा होतो, आपल्या राईत मोहाची किती रोपटी उभी आहेत, जूनपासून किती मिलिमीटर पाऊस झाला, हे त्यांना माइकवरून वाचू द्या, त्यांना प्रश्न विचारा, आणि त्यांचे आकडे ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या.